घरातल्या मॅडम

मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या मागं जी गल्ली जाते, तिथं निशाचं घर विचारलं तर लेकरंसुद्धा सांगतील, "इंग्रजीवाल्या का? ते निळं दार." आता ही बाई काही शिक्षिका नाही, कधी नव्हती. चितेगावच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाते. तिच्या स्वतःच्या दहावीत इंग्रजीचा निकाल कसा लागला होता, तर बोर्डानं दोन-चार मार्क पदरात टाकले तेव्हा कुठं बाई काठावर आली. आणि आज परीक्षा जवळ आली की पोरं वह्या घेऊन तिच्या उंबऱ्यावर बसतात. तुम्ही म्हणाल, वा, बाईनं नाव काढलं! काढलं ना. कोण नाही म्हणतंय? पण निशा इंग्रजी शिकली ती नाव काढायला नाही. एका पोरीनं आपल्याला आई म्हणावं, एवढ्यासाठी तिनं जिवाचं रान केलं होतं. त्याचीच ही गोष्ट आहे.

निशा भोकरदनकडची. पहिलं लग्न झालं, मूल होईना, तर नवऱ्यानं एक दिवस माहेरी आणून सोडली आणि परत फिरकला नाही. कोणी विचारलं तर ती सरळ सांगते, "टाकली मला. काय लपवायचं त्यात?" पुढं काही वर्षांनी कडुबाचं स्थळ आलं. कडुबा चितेगावलाच दुसऱ्या कंपनीत मशीनवर. त्याची पहिली बायको दैवशाला काविळीनं गेलेली, मागं दुसरीत शिकणारी पोरगी, उत्पला. विहारात चार माणसांत लग्न लागलं. निशाला नवऱ्यापेक्षा त्या पोरीचीच ओढ जास्त होती, आणि त्यात लाज वाटावी असं काही नाही. आपल्याला होणार नाही ते आयतं समोर उभं आहे, दोन वेण्या घालून, नाक ओढत. कोणाला माया सुटणार नाही?

पोरगी वाईट नव्हती हो. उलट उत्तर नाही, आदळआपट नाही, ताटात पडेल ते गपगुमान खायची. पण तिनं निशाला कशाचीच हाक मारली नाही. आई नाही, मम्मी नाही, मावशी नाही, साधं काकू पण नाही. काही पाहिजे असलं की जवळ येऊन उभी राहायची, निशाचं लक्ष जाईपर्यंत. मग म्हणायची, "वाढता का?" "वहीवर सही करता का?" अहो-जाहो! आमच्याकडं आईला कोणी अहो-जाहो करतं का? ते तर पाहुण्यांना करतात. निशा लांब असली, धुण्याला बसलेली असली, तर पोरगी बापाला सांगायची, "पप्पा, त्यांना बोलवा ना." त्यांना! निशाच्या काळजाला दर वेळी चरका बसायचा. पण तोंडातून ब्र काढला नाही तिनं. म्हणायची, लेकरू आहे, बसंल हळूहळू घडी.

वर्षं गेली, घडी काही बसली नाही. उत्पला नववीत आली तरी तेच.

दैवशालाची आई मनकर्णाबाई चितेगावातच राहायची, अधूनमधून नातीला बघायला यायची. आली की आधी भिंतीवरच्या दैवशालाच्या फोटोला पदरानं पुसायची, मग बसायची. तिच्या बोलण्यात काही विष नव्हतं, खरं सांगायचं तर. पोटची लेक गेलेली बाई. पण "दैवशाला असती तर" ह्या तीन शब्दांशिवाय तिचं एक वाक्य पुरं व्हायचं नाही. दैवशाला असती तर पोरगी अशी वाळली नसती. दैवशाला असती तर केसाला तेल लागलं असतं. निशा चहा टाकायची आणि ऐकून घ्यायची.

त्या वर्षी सहामाहीत उत्पलानं इंग्रजीत गटांगळी खाल्ली. बाकी विषय बरे, गणित तर चांगलंच, पण इंग्रजी म्हटलं की तिच्या डोक्यावरून पाणी. मनकर्णाबाईनं ऐकलं आणि पाय पसरून बसली. "झालं! दैवशाला असती तर पोरगी मागं राहिली असती का? कडुबा, दहावीत ही नापास झाली की मी घेऊन जाते तिला. माझ्याकडं राहील, शिवणकाम शिकंल. इथं कोण बसलंय तिला बघणारं?"

निशा तिथंच बसली होती. भाजी निवडत होती. कडुबा बऱ्या स्वभावाचा माणूस, पण सासूसमोर त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. तेव्हा निशा बोलली, "कुठं नाय जायची ती. इंग्रजी मी शिकवते तिला."

मनकर्णाबाई हसलीच. "तू?"

"व्हय. मी."

बोलून तर गेली, पण हिला येतं काय? एबीसीडी आणि स्वतःची सही.

विहाराच्या अभ्यासिकेत रविवारी एक म्हातारे सर यायचे, श्रीधर सर. सिडकोतून स्कूटीवर यायचे. सगळी हयात शाळेत इंग्रजी शिकवलेलं, आता फुकट शिकवायचे, आणि फुकट शिकवतो म्हणून मोकळेपणी ओरडायचे. निशा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, मला दहावीचं इंग्रजी पाहिजे. पेपर नाय द्यायचा. पोरीला शिकवायचंय."

सरांनी चष्मा वर केला. "मग पोरीलाच पाठवा की इकडं."

"नाय सर. मलाच शिकवायचंय तिला."

का, ते तिनं सांगितलं नाही, सरांनीही खोदून विचारलं नाही. बसवली तिला पोरांच्या रांगेत. चाळिशीला टेकलेली बाई मांडी घालून सोळा-सतरा वर्षांच्या पोरांमध्ये बसली, पहिल्या दिवशी हसले सगळे. सरांनी तिला फळ्यासमोर उभं केलं, तिनं वाक्य चुकवलं, सर ओरडले, ती पुन्हा चुकली. घरी येताना वाटेत रडली. पुढच्या रविवारी पुन्हा गेली.

कंपनीच्या बसमध्ये बाया गप्पा हाणायच्या, सासवांची उणीदुणी काढायच्या, आणि ही कानात इअरफोनची बोंडं घालून मोबाईलवर काळ ऐकत बसायची. साधा वर्तमान, चालू वर्तमान, पूर्ण वर्तमान. ओठ हलायचे. बाया कोपरानं ढोसायच्या, "काय गं, कोणाशी बोलतीस? इंग्लंडात पाहुणे हायेत का?" पॅकिंगच्या टेबलावर ज्या खोक्यांना ती इतकी वर्षं हात लावत होती, त्यावरची बारीक अक्षरं ती आता वाचायला लागली. थंड आणि कोरड्या जागी ठेवा. मुलांच्या हाती लागू देऊ नका. अगं बाई, असं लिहिलंय होय हे! इतकी वर्षं नुसती घडी घालून चिकटवत होते मी. घरी आल्यावर तिनं हे उत्पलाला सांगितलं, तर पोरगी चक्क हसली. फिसकन हसली. त्या हसण्यावर निशानं आठवडाभर दम काढला.

तरी शिकवणं काही रुळेना. निशा पुस्तक घेऊन बसली की उत्पला पाच मिनिटांत जांभया द्यायची. पाणी पिऊन येते, दप्तर भरून येते, पोटात दुखतंय. निशा चिडायची आणि मग तिलाच भीती वाटायची, सावत्र आई ओरडली असं होईल. आवाज चढायच्या आत बसायचा. असं कुठं शिकवणं होतं का?

तिनं श्रीधर सरांना विचारलं. सर म्हणाले, "घरचं माणूस शिकवायला बसलं की पोरं ऐकत नाहीत. माझी पोरं माझ्याकडं नाही शिकली, शेजाऱ्याकडं शिकली. तुम्ही एक करा. वेळ ठरवा. त्या वेळात तुम्ही तिच्या कोणी नाही, तिच्या मॅडम. तिनं तुम्हाला मॅडमच म्हणायचं, तुम्ही पण तसंच वागायचं. बघा, फरक पडतो की नाही."

आता सरांना काय माहीत होतं? त्यांनी मास्तरकीतली गोष्ट सांगितली, आणि ती खरी होती. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

निशानं घरी येऊन सांगितलं, "उत्पला, उद्यापासून संध्याकाळी तास. तासाला मला मॅडम म्हणायचं. उशिरा आलीस तर दारात उभी करीन."

पोरीनं डोळे मोठे केले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली, हातपाय धुतले, वही घेतली आणि आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मे आय कम इन, मॅडम?"

काय सांगू तुम्हाला! सात वर्षांत पहिल्यांदा पोरीनं निशाला काहीतरी म्हटलं होतं. हाक मारली होती! हाकेला शब्द कुठला का असंना. निशा "येस, कम" म्हणाली आणि फळ्याकडं तोंड केलं, पोरीला डोळे दिसू नयेत म्हणून. फळा म्हणजे काय, कपाटाच्या पत्र्यावर खडूनं लिहायची ती.

तिथून जादूच झाली. तास सुरू झाला की दोघी बदलायच्या. निशा भाकरी थापता थापता क्रियापद टाकायची आणि उत्पला त्याची तिन्ही रूपं म्हणायची, थाप पडायच्या आत. चुकली तर भाकरी उलटेपर्यंत उभं राहायचं. संवाद लिहायला आला की दोघी तो करून बघायच्या. निशा दुकानदार, उत्पला गिऱ्हाईक. निशा डॉक्टर, उत्पला पेशंट. निशाचं इंग्रजी मध्येच अडायचं, मग ती दुकानदाराच्या आवाजात मराठीतून शिव्या घालायची आणि पोरगी हसून हसून लोळायची. कडुबा ड्युटीवरून आला की चपला काढता काढता थांबून ऐकायचा. त्या घरात एवढा आवाज दैवशाला गेल्यापासून झाला नव्हता.

आणि हळूहळू ते मॅडम तासाच्या बाहेर सांडायला लागलं. "मॅडम, दूध उतू चाललंय!" "मॅडम, माझी ओढणी बघितली का?" आधी गमतीत, मग सवयीनं. बाजूच्या बाया हसायच्या. निशा पण हसायची. तिला वाटायचं, जीभ सैल झाली पोरीची. आज मॅडम म्हणतीय, उद्या आई म्हणंल. दहावी एकदा पार पडू दे. पास झाली, आज्जीनं न्यायचं नाव सोडलं, की तिला कळंल आपल्यासाठी कोणी काय केलं. त्या दिवशी म्हणंल. निशानं मनात तो दिवसच धरून ठेवला होता. पेपरची तारीख जशी धरून ठेवतात तशी.

एक गोष्ट मात्र तिला खुपायची. पत्रलेखनाला दोन पर्याय असतात, एक कामकाजाचं पत्र आणि एक घरगुती. घरगुती सोपं. आईला लिहा, मैत्रिणीला लिहा, सहलीचं सांगा, अभ्यासाचं सांगा. उत्पला कायम कामकाजाचं घ्यायची. मुख्याध्यापकांना पत्र, पुस्तकाच्या दुकानदाराला पत्र.

"अगं, घरगुती घे ना. तितकेच मार्क, आणि लिहायला हलकं."

"मला घरची पत्रं नाय जमत, मॅडम," उत्पला म्हणायची आणि पान उलटायची.

शाळेचा निरोप समारंभ होता तेव्हा ड्रेस घ्यायला दोघी शहागंजला गेल्या. निशानं बसमध्येच अट घातली, आज बाजारात आपण दोघींनी इंग्रजीतच बोलायचं. झालं, कापडाच्या दुकानासमोर दोघींचं मोडकंतोडकं इंग्रजी सुरू. हा रंग चांगला नाही, तो मोठा आहे, भाव जास्त सांगतोय. दुकानदार चाचा कान देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "क्या बाजी, माँ-बेटी मिलके अंग्रेजी मारे तो भाव कम होता क्या?"

दोघी खदखदून हसल्या. पण निशाचं हसू तोंडावर आणि कान दुसरीकडं. माँ-बेटी म्हणाला तो. आता ही काय म्हणते? उत्पलानं नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही, ड्रेस अंगाला लावून आरशात बघत राहिली. निशाला तेवढं पुरं झालं. चाचा म्हणाला तो भाव तिनं देऊन टाकला, घासाघीस नाही, काही नाही. येताना पोरीला शेवपुरी खाऊ घातली. घरी येऊन कडुबाला दोनदा सांगितलं, "दुकानदार आम्हाला मायलेकी म्हणाला." कडुबा म्हणाला, "मग कोण हायेत?" आणि जेवायला बसला. साधा माणूस. त्याला ते इतकं सोपं वाटायचं.

परीक्षा आली आणि गेली. इंग्रजीच्या दिवशी निशानं रजा टाकली, केंद्राच्या भिंतीला टेकून उन्हात उभी राहिली. पोरगी बाहेर आली ती लांबूनच अंगठा दाखवत. निशानं तिथंच पाण्याची बाटली डोक्यावर रिकामी करून घेतली.

मग निकाल. निकालाच्या दिवशी सकाळपासून घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. कडुबाला सुट्टी मिळाली नव्हती. निशा थांबली होती, मनकर्णाबाई सकाळीच येऊन खाटेवर बसली होती. तिनं येताना नातीचे कपडे भरायला एक मोकळी पिशवी आणली होती, आणि ती लपवली पण नव्हती. दुपारी एकला निकाल लागणार. शेजारणी दारात उभ्या. उत्पला भिंतीकडं तोंड करून गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. म्हणाली, "मी नाय बघणार. तुम्हीच बघा मॅडम."

मोबाईल निशाच्या हातात. बोर्डाचं पान उघडलं. तुम्हाला माहीतच असंल, तिथं दोन गोष्टी भराव्या लागतात. एक परीक्षेचा नंबर आणि दुसरं आईचं नाव. निशानं हॉलतिकिटावरून नंबर टाकला, एकेक आकडा बोट ठेवून. मग आईचं नाव. ते टाकायला तिला विचार करावा लागला नाही. एन, आय, एस, एच, ए. बटण दाबलं.

माहिती जुळत नाही.

पुन्हा टाकलं. जुळत नाही. नंबर तपासला, बरोबर. नाव तपासलं, बरोबर. स्वतःचं नाव माणूस चुकतंय का? पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, लाल अक्षरात.

"काय झालं गं?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"दाखवीनाच झालंय. नंबरच नाय म्हणतंय."

"नंबर नाय म्हणजे? नापास झाली का?" आणि त्या म्हातारीनं गळाच काढला. "म्हणलं नव्हतं मी? म्हणलं नव्हतं? माझी दैवशाला असती तर ही पाळी आली असती का लेकराव?" शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. भिंतीकडं बसलेल्या पोरीची पाठ गदगदायला लागली. निशाला वाटलं आता पायाखालची जमीन जाते. झालं. पिशवी भरली जाणार. पोरगी जाणार. एवढं सगळं केलं ते मातीत गेलं, आणि आपल्यामुळंच गेलं, आपल्याला इंग्रजी येत नव्हतं आणि आपण शिकवायला बसलो.

तेव्हा उत्पला उठली. डोळे पुसले, निशाच्या हातातून मोबाईल घेतला आणि बघितलं. आईच्या नावाच्या रकान्यात निशा लिहिलेलं होतं.

तिनं मान वर करून निशाकडं बघितलं. तेव्हा निशाला कळलं. कोणीतरी भर बाजारात पदर ओढावा तशी तिची गत झाली. आता ही सगळ्यांसमोर सांगणार, आणि म्हातारी काय काय बोलंल.

"काय गं, काय झालं?" मनकर्णाबाई ओरडली.

"काय नाय आज्जी," उत्पला म्हणाली. "एक आकडा चुकला होता."

एवढंच बोलली, आणि अंगठ्यानं ते नाव पुसून दुसरं नाव टाकलं. निशा शेजारीच उभी होती, तिला अक्षरं दिसत होती. डी, ए, आय, व्ही. पुढची तिनं बघितली नाहीत.

पान उघडलं. पास! नुसती पास नाही, पहिल्या श्रेणीच्याही वर, आणि इंग्रजीला अठ्ठ्याहत्तर! शेजारणींनी कालवा केला. मनकर्णाबाई रडता रडता हसायला लागली आणि हसता हसता रडायला. कोणी पोरीच्या पाठीत धपाटे घातले, कोणी पेढे आणायला पळालं. निशा भिंतीला धरून उभी होती आणि तिच्या मनात एकच चाललं होतं. हिनं मला वाचवलं. सगळ्यांसमोर माझी लाज झाकली. लेक झाकते तशी झाकली. आता म्हणंल. आत्ता म्हणंल.

पेढे आले. उत्पलानं पहिला पेढा दैवशालाच्या फोटोपुढं ठेवला, डोळे मिटून उभी राहिली. ते बरोबरच होतं. निशानंच तिला खुणावलं होतं, आधी तिथं ठेव म्हणून. मग बाबासाहेबांच्या फोटोपुढं वाकली, मग आज्जीच्या पाया पडली. मग वळली आणि निशासमोर आली. सगळी गल्ली बघत होती. पोरगी खाली वाकली, निशाच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. वर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पेढा निशाच्या तोंडात घालत ती म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळं झालं. तुमच्यासारख्या मॅडम शाळेत पण नाय मिळाल्या मला."

"खरंय बाई," मनकर्णाबाई डोळे पुसत म्हणाली. रिकामी पिशवी तिनं घडी करून काखेत धरली होती. "गुरूच म्हणायचं हिला. लई उपकार झाले."

शेजारणी टाळ्या वाजवायला लागल्या. निशा हसली. पेढा चावला, गिळला, पोरीच्या गालावरून हात फिरवला. जे करायला पाहिजे ते सगळं केलं तिनं. मग म्हणाली, "चहाची भांडी बघते," आणि मागं मोरीत जाऊन बसली.

कडुबा संध्याकाळी आला तो उड्या मारतच. मागं येऊन बघतो तर निशा घासलेलीच भांडी परत घासतीय आणि डोळ्यांना धार लागलीय.

"आता काय झालं? पोरगी साऱ्या गल्लीला सांगत फिरतीय, माझ्या मॅडमनं शिकवलं म्हणून. आजच्या दिवशी रडतीस व्हय?"

निशानं पातेलं खाली ठेवलं. "मॅडमच म्हणती ओ ती मला."

"मग काय झालं? लाडानं म्हणती."

"आधी तिच्या तोंडात माझ्यासाठी काहीच नव्हतं. मोकळी जागा होती. थांबले असते तर कधीतरी तिथं आई आलं असतं, नसतं आलं, मला काय माहीत. पण मला दम नाय निघाला. मीच तिच्या तोंडात मॅडम घातलं. मीच शिकवलं. आता तिला अडचणच नाय राहिली काही. कशाला शोधंल ती दुसरं?"

कडुबा तिच्याजवळ मोरीच्या कठड्यावर बसला, कंपनीच्या कपड्यांवरच. हातात हात घ्यायला गेला तर तिच्या हाताला राख लागलेली. तरी घेतला.

बाहेर पोरं जमली होती. खालच्या वर्गातली, निकालाचं ऐकून आलेली. आम्हाला पण शिकवतील का, विचारत होती. उत्पलाचा आवाज आला, ठणठणीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "शिकवतील की! थांबा, विचारते. मॅडम! ओ मॅडम! बाहेर या ना!"

निशानं हात धुतले, पदरानं तोंड पुसलं.

"आले गं," ती म्हणाली आणि बाहेर गेली.